होळीपर्यंतचा मुक्काम

माझा स्वभाव तापट आहे. हे मी कौतुकाने सांगत नाही, पण पुढचं सगळं त्यापायीच घडलं, म्हणून आधीच सांगून टाकतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं टाइम ऑफिसात होतो. कोण किती वाजता आला, कोण गेला, कुणाचं टोकन खिळ्यावर लटकतंय आणि माणूस मात्र चहाच्या टपरीवर बसलाय, हे पाहणं माझं काम. अशा कामात माणूस एकतर संत होतो, नाहीतर खेकसायला लागतो. मी खेकसायला लागलो. निवृत्त झाल्यावर खेकसायला कुणी उरलं नाही, तेव्हा बोईसरमधल्या आमच्या सोसायटीने मला सेक्रेटरी केलं.

आमच्या इमारतीसमोर एक मोकळा प्लॉट आहे. मालक मुंबईत असतो आणि बांधू-बांधू म्हणत वर्षं काढतो. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडच्या डोंगरातली कुटुंबं त्या प्लॉटवर उतरतात. त्यांचं भात कापून झालेलं असतं, रानात पावसाशिवाय पाणी नसतं, म्हणून होळीपर्यंत बोईसरला खोदकामावर, बांधकामावर यायचं. बांबू रोवायचे, वर प्लास्टिक टाकायचं, झालं घर. प्लास्टिक पुरलं नाही की वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स. आमच्या गॅलरीतून पाहिलं की चार-पाच भावी नेते डोकं खाली करून हसताना दिसायचे.

दरवर्षी आठ-दहा झोपड्या असायच्या. त्या वर्षी तीस झाल्या. कुठेतरी दुसऱ्या एका जागेवर कुंपण पडलं होतं, तिथली माणसंही इकडेच आली. चुलींचा धूर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरायचा आणि पहाटे चारला कोंबडे आरवायचे. सोसायटीची मीटिंग बोलावली गेली. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त फोरमन म्हणाले, "एकदा बसले की बसले, सेक्रेटरी. मग काढता काढता नाकी नऊ येतील." सगळ्यांनी माना हलवल्या. माझं डोकं आधीच कोंबड्याने फिरलेलं होतं. त्याच दुपारी मी अर्ज लिहिला.

माझा अर्ज म्हणजे काय विचारू नका. अक्षर मोत्यासारखं, भाषा धारदार, खाली सह्यांची रांग. अशा अर्जांचा मला दांडगा अनुभव होता. गटारासाठी तीन वर्षं, रस्त्यावरच्या दिव्यासाठी दोन वर्षं, आणि एकालाही कधी उत्तर आलं नव्हतं. त्यामुळे कचेरीत हा अर्ज देऊन आल्यावर मी तो विसरूनही गेलो. आणखी दोन-तीन महिने धूर खायचा, एवढंच मनात होतं.

बायकोने मात्र त्या दिवशी जेवणं झाल्यावर विषय काढला. म्हणाली, "अहो, त्यांना हाकलून लावलंत तर ती जातील कुठे, हे अर्जात लिहिलंत का?" मी म्हटलं, ते माझं काम नाही. ती म्हणाली, "मग कुणाचं?" तिच्या असल्या प्रश्नांना मी सहसा उत्तर देत नाही, पण तो प्रश्न डोक्यात राहिला.

आमच्या निवृत्त लोकांचं एक मंडळ आहे. सकाळी फिरायचं, मग देशाचे प्रश्न सोडवायचे. मी तिथे विषय काढला आणि सगळे एकदम पेटले. हाकलण्यापेक्षा सोय करू. एकाचं वसाहतीच्या पलीकडे रिकामं गोदाम पडून होतं, ते त्याने दिलं. दुसऱ्याने बंद पडलेल्या हॉस्टेलच्या लोखंडी खाटा मिळवल्या. ट्यूबलाइट लावल्या, पंखे लावले, मधोमध प्लायवूड ठोकून एकीकडे पुरुष, दुसरीकडे बायका अशी वाटणी केली. सगळं आयुष्य पाळ्यांत आणि शिस्तीत गेलेली माणसं आम्ही. प्रत्येक खाटेला नंबर टाकला. मी जुन्या ओळखीने पितळी टोकनं पैदा केली. दारात फळा लावला: आत स्वयंपाक करू नये, आठनंतर प्रवेश नाही, पाळीव प्राणी आणू नयेत, जाताना टोकन जमा करावे. फळ्यावरचं अक्षर अर्थातच माझं.

सांगायला मी स्वतः गेलो. पहिल्याच झोपडीसमोर एक म्हातारी डाळीतले खडे वेचत बसली होती. तिला सगळी वस्ती आई म्हणायची. माझ्याएवढीच असेल, फार तर दोन वर्षांनी मोठी. मी टेचात गोदामाचं वर्णन केलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरा हाय, शेठ. येताव." एवढंच. मला वाटलं, भारावून गेली असेल.

उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले. सगळी कुटुंबं आली, रांगेत उभी राहिली, प्रत्येकाने टोकन घेतलं. आमच्यातल्या एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी रजिस्टर घेऊन हजर. बघतो तर गोदाम रिकामं. खाटांवरच्या चादरींची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. खिडकीत टोकनं नंबरानुसार ओळीने मांडून ठेवलेली. फक्त एक कमी होतं, चौदा नंबर.

मी तसाच तरातरा प्लॉटवर गेलो. वाटेत तोंडाने काय काय पुटपुटत होतो ते लिहिण्यासारखं नाही. उपकाराची जाणीव नाही, हे त्यातलं सर्वांत सभ्य वाक्य. झोपड्यांत स्वयंपाक उरकत आला होता, भाकऱ्या फडक्यात बांधून माणसं मजुरीसाठी नाक्यावर उभं राहायला निघत होती. म्हातारी कोंबड्यांची टोपली उघडत होती. मी तिच्यावर ओरडलो. अगदी टाइम ऑफिसातल्या आवाजात ओरडलो.

तिने टोपलीचं झाकण खाली ठेवलं. "शेठ, चूल कुठं पेटवायची तिथं? मान्सां चारला उठून रांधतात, सातला नाक्यावर उभी ऱ्हातात. तुमचा गोदाम नाक्यापासना तासाचा रस्ता. मुकादम तवर थांबल काय?"

"पण निदान रात्री झोपायला..."

"माजा पोर भिताडाच्या त्या अंगाला, सून ह्या अंगाला, नातू मदी रडत. आनि कोंबड्या? घरी कोन हाय त्यांना बगाया? संगं आनल्या, त्या इथं एकल्या सोडून जाव काय?" मग अगदी शांतपणे म्हणाली, "तुमी लय केला. पन आमाला इचारला नाय."

मी खाली पाहिलं आणि चौदा नंबर सापडला. तिच्या तुऱ्याच्या कोंबड्याच्या पायात सुतळीने बांधला होता. नातवाने बांधलाय म्हणे, शेजारच्या कोंबड्यांत मिसळू नये म्हणून. मला हसू फुटलं. रागावायला आलेल्या माणसाने हसणं म्हणजे हार, पण आवरेना. तीही हसायला लागली. त्या दिवसापासून मी तिचा शेठ राहिलो नाही, दादा झालो.

घरी परत येताना मला माझं बोईसरमधलं पहिलं वर्ष आठवलं. कऱ्हाडजवळच्या गावातून आलो तेव्हा एका खोलीत आम्ही नऊ जण होतो आणि खाटा तीन. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच खाटेवर पडायचा. खाट कधी गार होत नसे. कारखान्याने तेव्हा आम्हाला पालघरजवळ हॉस्टेल देऊ केलं होतं, स्वस्तात, स्वच्छ, आणि आमच्यातला एकही तिकडे गेला नाही. आम्हाला कारखान्याच्या भोंग्याच्या अंतरावरच राहायचं होतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी गोदामात नंबर टाकत बसलो होतो. स्वतःचाच इतका राग मला क्वचित आला असेल.

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. गेलो, तिच्या झोपडीसमोर बसलो आणि विचारलं, "काय पाहिजे?" तिने पाणी सांगितलं. बायका दूरच्या एका बोअरवेलवरून हंडे आणायच्या, तिथलेही लोक हाकलायचे. बाकीचं ती माझ्याशी बोलेना. ते तिने माझ्या बायकोला सांगितलं: अंधाराशिवाय बायकांना बाहेर जाता येत नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच कमी पितात. आणि शेवटी तिने एक गोष्ट विचारली जी मला कधी सुचली नसती. "कवापावत ऱ्हाया देनार, त्ये सांगा. रोज उठून वाटतं, आज काडतील. मंग कामात हात चालत नाय."

सोसायटीच्या टाकीतून एक पाइप बाहेर काढायला फारसं काही लागत नाही. प्लॉटच्या कोपऱ्यात जुन्या साइट ऑफिसचे दोन संडास होते, दारं मोडलेली. फोरमनसाहेबांनी कुरकुरत का होईना, दारं बसवून दिली; हातातलं काम दिसलं की त्यांना राहवत नाही. कचऱ्याची गाडी आमच्याकडे यायचीच, ती आणखी वीस पावलं पुढे जाऊ लागली. पंधरा दिवसांत प्लॉट असा दिसायला लागला की आमच्या इमारतीमागची गल्ली जास्त घाण वाटू लागली. बायको सातपाटीच्या कोळीण मावशीकडून बोंबील घ्यायची, ती मावशीही आता टोपली घेऊन प्लॉटवर चक्कर मारू लागली. सगळं छान चाललं होतं.

आणि मग माझ्या अर्जाला उत्तर आलं. गटाराच्या अर्जाला नाही, दिव्याच्या अर्जाला नाही, नेमकं याच अर्जाला! 'आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेऊन' येत्या गुरुवारी जेसीबी लावून प्लॉट रिकामा करण्यात येईल. होळीला तीन आठवडे होते. फोरमनसाहेब म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जिन्यातूनच परत फिरले.

म्हातारीला सांगायला मीच गेलो. मी तिच्यापासून काही लपवलं नाही. अर्ज माझाच आहे, हेही सांगितलं. त्या वर्षी तिच्या मुलाला पहिल्यांदाच एका साइटवर सलग काम मिळालं होतं, रोज नाक्यावर उभं राहावं लागत नव्हतं. इथून उठलं तर बोईसरमध्ये दुसरी जागा उरलेली नव्हती, म्हणजे काम अर्धवट टाकून डोंगरात परत. आणि मुकादम अशा माणसाला पुढच्या वर्षी उभं करत नाही. "होळीला आमी जानारच, दादा," ती म्हणाली. "होळीला जो घरी नाय, त्याला गावात कोन इचारतं? तीन आठवडं द्या निसते."

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी कागद उलटापालटा केला. "अर्ज तुमचाच ना?"

"माझाच."

"आणि आता हटवू नका म्हणता?"

"हो."

"मग अर्ज मागे घेण्यासाठी अर्ज करा." मी खिशातून काढून समोर ठेवला, लिहूनच नेला होता. ते हसले. मग मात्र गंभीरपणे म्हणाले, "काका, आज थांबवलं आणि होळीनंतर ही माणसं गेली नाहीत, तर जबाबदार कोण?"

एरवी टेबलावर हात आपटून मी भाषण दिलं असतं. तेव्हा एवढंच म्हणालो की साहेब, हे बोईसर ज्यांच्या हातांनी उभं राहतंय त्यांच्यासाठी आपण दिवाळी ते होळी एक जागा ठरवून ठेवत नाही, म्हणून ती माणसं दिसेल तिथे बसतात आणि आपण दरवर्षी नव्याने चिडतो. जागा ठरवा, तारीख ठरवा, नळ द्या. ती माणसं तारीख पाळतील. "आणि नाही पाळली तर जबाबदार मी. लिहून देतो." साहेबांनी खरोखरच लिहून घेतलं. प्लॉटच्या मालकानेही फोनवर हो म्हटलं, पण होळीला जागा सोडण्याच्या कागदावर वस्तीतल्या सगळ्यांचे अंगठे पाहिजेत म्हणाला.

म्हातारीने शाईच्या डबीकडे पाहिलं. "घरी जायाला अंगठा?" तिला ते इतकं गमतीचं वाटलं की तिने चार बायकांना हाका मारून बोलावलं. त्या हसून हसून बेजार. मी तिथे कागद धरून उभा, आणि माझ्या अब्रूचा प्रश्न यांच्या करमणुकीचा झालेला. पण अंगठे सगळ्यांनी दिले.

गुरुवारी जेसीबी आला नाही. तीन आठवडे कसे गेले ते मलाच माहीत. फोरमन रोज जिन्यात भेटले की बोटं मोजून दाखवायचे. होळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्लॉट रिकामा, असं मी लिहून दिलं होतं. त्या दिवशी सकाळी दहा वाजता गॅलरीत आलो तर सगळे बांबू जिथल्या तिथे. बारा वाजता तेच. माणसं नेहमीसारखी कामावर गेलेली. मी जेवलो नाही. वरून आवाज आला, "काय सेक्रेटरी, सामान काही हलताना दिसत नाही!" मी गॅलरीतून आत आलो. मनात पाल चुकचुकली. आपण फसलो तर नाही?

दोनच्या सुमाराला ती सगळी अर्ध्या दिवसाचं काम उरकून आली. म्हातारीने मला फाटकाशी पाहिलं. "दादा, जेवला नाय काय? त्वांड कसला झालाय!" आणि मग जे सुरू झालं ते पाहण्यासारखं होतं. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. प्लास्टिक उतरलं, घड्या पडल्या, भावी नेते गुंडाळले गेले, चुलीचे दगड भिंतीशी लागले, कोंबड्या टोपलीत गेल्या. बायकांनी खराटे घेऊन जमीन झाडली. आमची इमारत रंगवायला आलेल्या कंत्राटदाराने जाताना जेवढा पसारा ठेवला होता, त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढाही पसारा तिथे राहिला नाही. तासाभरात प्लॉट रिकामा. मी वर पाहिलं. फोरमनसाहेब गॅलरीत उभे होते, आणि त्यांनी, मान्य केलं पाहिजे, टाळी वाजवली. म्हातारीने बांबूंच्या मोळ्या आमच्या पार्किंगमध्ये ठेवायला विचारलं, दिवाळीला परत लागतील म्हणून, तेव्हा स्वतःची स्कूटर सरकवायला तेच खाली आले.

तीन टेंपो आले होते. मासवण-मनोरवरून पुढे घाट चढून अंधार पडायच्या आत पोचायचं होतं. माणसं दाटीवाटीने चढली. हसणं, हाका, पोरांचं रडणं, सगळं एकदम चाललं होतं. मी इतका खूश होतो की सगळ्यांना हात करत एका टेंपोपासून दुसऱ्यापर्यंत फिरत होतो. बायको माझ्या मागे चिवड्याच्या पुड्या वाटत होती.

म्हातारी शेवटच्या टेंपोपाशी थांबली. "दादा, आनि तुमी कवा निघनार?"

"कुठे?"

"घरी. होळी नाय काय?"

मी हसत म्हटलं, "आमचं घर हेच की!" आणि दुसऱ्या मजल्याकडे बोट केलं.

तिने वर पाहिलं. ग्रिल, कुंड्या, दोरीवरचे कपडे. मग माझ्याकडे पाहिलं. "ह्यो कामाच्या जागंवरचा झाला. घर कुठं हाय?"

"कऱ्हाडजवळ," मी म्हटलं. "होतं. वाटण्या झाल्या. आता तिथे आमचं काही नाही." होळीला शेवटचा गावी कधी गेलो होतो, ते मला आठवेना. सणाला लोक रजा टाकायचे, म्हणून टाइम ऑफिसात मी हटकून ड्यूटीवर असायचो.

"मंग तुमची वाट कोन बगतं?"

"कुणी नाही," असं बायको म्हणाली. मी म्हणालो नाही. तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. छत्तीस वर्षांत हे ती मला एकदाही म्हणाली नव्हती.

म्हातारी क्षणभर आमच्या दोघांकडे बघत राहिली. आत्तापर्यंत मी तिची कीव करत आलो होतो, आता ती माझी करत होती, आणि तिला तसं करायचा पूर्ण हक्क होता. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. चारचौघांत, पार्किंगच्या तोंडाशी, फोरमनच्या देखत.

तिने वळून टेंपोच्या फळीवर थाप मारली. "सरका रं जरा. दोन मान्सां हायत."

मी नको, नको म्हणत होतो. औषधं, गॅस, उद्याचं दूध, तोंडाला येईल ते कारण सांगत होतो. बायको तोवर वर जाऊन घराला कुलूप घालून आलीसुद्धा, हातात एक पिशवी. आत माणसं एकमेकांना ढकलत, हसत मागे सरकली, कुणीतरी नातवाला मांडीवर घेतलं, कुणीतरी टोपली डोक्यावर धरली, आणि मुंगीला शिरायला वाव नव्हता त्या टेंपोत आम्हा दोघांना जागा झाली.